कलकत्त्याचा आवाज आणि सेवापुस्तिका

आपल्याकडे जी सर्वपित्री अमावास्या, तीच बंगालमध्ये महालया. त्या दिवशी पहाटे चार वाजता आजही तेथे घरोघरी रेडिओ लागतो आणि ‘महिषासुरमर्दिनी’तील चंडीपाठ ऐकू येतो. पाठ करणारा माणूस 1991 मध्ये गेला. बीरेंद्रकृष्ण भद्र यांचे चरित्र मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून वाचू लागलो. पण अधिक अस्वस्थ झालो तो माजी प्रशासक म्हणून.

भद्रांचा जन्म 1905 सालचा, उत्तर कलकत्त्यातला. हातीबागानची नाटकगृहे त्याच भागात. स्कॉटिश चर्च कॉलेजातून पदवी घेतल्यावर ते रेल्वेच्या कचेरीत नोकरीला लागले, पण मन रमले गार्स्टिन प्लेसमधल्या नव्या नभोवाणी केंद्रात. हे केंद्र ऑगस्ट 1927 मध्ये एका खासगी कंपनीने सुरू केले होते. कंपनी तीन वर्षांच्या आत बुडाली. सरकारने ते ताब्यात घेतले आणि 1931 मध्ये खर्च परवडत नाही म्हणून सेवा बंद करण्याचे ठरवले. लोकांच्या विरोधामुळे तो निर्णय मागे घ्यावा लागला. अशा डळमळीत संस्थेसाठी भद्रांनी पक्की नोकरी सोडली.

पुढची काही दशके या केंद्राने शहराशी केलेल्या गप्पांचा ते आवाज होते. विष्णुशर्मा या नावाने त्यांनी महिलांसाठीची मजलीस चालवली, विरूपाक्ष या नावाने शहरी मध्यमवर्गाची थट्टा केली. 1941 मध्ये रवींद्रनाथांच्या अंत्ययात्रेचे वर्णन त्यांनीच श्रोत्यांपर्यंत पोहोचवले. पण त्यांचे खरे काम नाटकाचे. अहींद्र चौधुरींसारखे रंगभूमी गाजवणारे नट त्यांच्या काळात माइकसमोर आले. मागच्या रांगेपर्यंत आवाज फेकण्याची सवय असलेल्या नटाला एका खोलीत, एका श्रोत्याशी बोलायला लावणे ही वेगळीच कला होती. तिकिटाचे पैसे किंवा थिएटरपर्यंत जाण्याची मुभा नसलेल्यांच्या घरी, विशेषतः स्त्रियांपर्यंत, नाटक गेले ते या वाटेने.

‘महिषासुरमर्दिनी’ 1930च्या दशकाच्या आरंभीची. लेखन बाणीकुमार यांचे, संगीत पंकजकुमार मल्लिक यांचे. ब्राह्मणेतराने चंडीपाठ करावा का, असा आक्षेप तेव्हा निघाला होता. केंद्राने तो मानला नाही. वादकांत मुसलमानही होते. एका लहानशा कार्यक्रम विभागाने हे कोणत्याही धोरणपत्रिकेशिवाय केले, याचे मला आजही अप्रूप वाटते.

1976 साली, आणीबाणीत, महालयेच्या पहाटे हा कार्यक्रम काढून नवा लावण्यात आला. संगीत हेमंतकुमारांचे, निवेदनाला उत्तमकुमार. दोघेही बंगालचे लाडके. तरीही श्रोते इतके संतापले की त्याच वर्षी षष्ठीला जुना कार्यक्रम पुन्हा ऐकवावा लागला आणि पुढच्या वर्षी तो महालयेच्या जागी परतला. एरवी ज्या काळात तोंड उघडणे धोक्याचे होते, त्या काळात एका शहराने सरकारी माध्यमाला माघार घ्यायला लावली, ती एका म्हाताऱ्या निवेदकासाठी.

त्या निवेदकाची प्रशासकीय ओळख मात्र ‘स्टाफ आर्टिस्ट’ एवढीच होती. या वर्गाच्या नेमणुका कराराच्या, मोबदल्याला पगार नव्हे, फी म्हणायचे, निवृत्तिवेतन नाही. केंद्र सरकारने या कलावंतांना नियमित कर्मचारी मानण्याचा निर्णय घेतला तो 1982 मध्ये. तोवर भद्र निवृत्त झालेले होते. आयुष्य नभोवाणीला देऊन त्यांची अखेरची वर्षे पेन्शनविना गेली.

सेवेत असताना करारावरच्या नेमणुकांना मुदतवाढ देणाऱ्या कितीतरी टिपणांवर मी सही केली आहे. कलावंत, ग्रंथपाल, संग्रहालयातले मार्गदर्शक. दरवेळी अकरा महिने, मध्ये एक दिवसाचा खंड. त्या एका दिवसाचे कारण मला ठाऊक होते आणि टिपण लिहिणाऱ्या कारकुनालाही. आम्ही त्याला वित्तीय शिस्त म्हणत असू. त्यातले एक ग्रंथपाल एकोणीस वर्षे काम करून गेले. त्यांच्या निरोपसमारंभात भाषण मीच केले होते.