विश्लेषण : फॅशन डिझायनर हा शब्द नव्हता तेव्हा महाराष्ट्राची साडी कोण ठरवत होते? जळगावात शिकलेल्या बालगंधर्वांची आणि त्यांच्या कपडेपटाची गोष्ट

जळगावच्या फुले मार्केटमध्ये साडी घेताना आजही अमुक मालिकेतल्या नायिकेसारखी साडी दाखवा, अशी मागणी होते. पडद्यावरचा कपडा बाजारात येण्याची ही सवय टीव्हीने लावली, असा अनेकांचा समज आहे. प्रत्यक्षात ती शंभर वर्षांहून जुनी आहे आणि मराठी मुलखात ती लावणारी व्यक्ती पुरुष होती. नारायण श्रीपाद राजहंस, म्हणजेच बालगंधर्व. त्यांचे गाणे सर्वांना माहीत आहे. त्यांच्या कपड्यांनी काय घडवले आणि त्यासाठी त्यांनी काय मोजले, हे मात्र क्वचित सांगितले जाते. जुने कपडे विकत घेऊन त्यांतून नवे काही करू पाहणाऱ्या, फॅशन डिझायनिंगला जायचे म्हणून घरच्यांशी वाद घालणाऱ्या खान्देशातल्या मुलामुलींसाठी तो भाग जास्त उपयोगाचा आहे.

जळगावशी नाते काय?

बालगंधर्वांचा जन्म २६ जून १८८८चा. घराणे सांगली जिल्ह्यातल्या नागठाण्याचे. शिक्षणासाठी त्यांना लहानपणी जळगावला नातेवाइकांकडे ठेवण्यात आले. शाळेत त्यांचे मन फारसे रमले नाही. गाण्यात रमले. मेहबूबखान यांच्याकडे त्यांचे गाण्याचे पहिले धडे जळगावातच झाले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या आसपास पुण्यात त्यांचे गाणे ऐकून लोकमान्य टिळकांनी त्यांना बालगंधर्व हे नाव दिले, असे मानले जाते. जळगावने ही आठवण जपली आहे. शहरात त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे आणि त्यांच्याच नावाचा संगीत महोत्सवही होतो.

त्या काळचा खान्देश कापसाचा मुलूख होता. १९०६ मध्ये इंग्रजांनी खान्देश जिल्ह्याची विभागणी केली. पूर्व खान्देश म्हणजे आजचा जळगाव आणि पश्चिम खान्देश म्हणजे आजचे धुळे-नंदुरबार. जळगाव, अमळनेर, धुळे येथे कापड गिरण्या उभ्या राहत होत्या. मात्र गिरणीचे कापड रोजच्या वापरासाठी असे. लग्नाकार्याचा शालू किंवा पैठणी यायची ती येवल्यासारख्या विणकरांच्या गावांतून, आणि ती आयुष्यात एकदाच घेतली जायची.

रंगमंचावर प्रवेश कसा झाला?

१९०५ मध्ये, सतराव्या वर्षी, ते किर्लोस्कर नाटक मंडळीत दाखल झाले. त्यामागे कोल्हापूरच्या शाहू महाराजांचा पाठिंबा होता. कानाच्या दुखण्यावर मिरजेत उपचार झाले आणि मिरजेतच ते शकुंतलेच्या भूमिकेत उभे राहिले. भास्करबुवा बखले यांच्याकडून गाण्याची आणि गोविंद बल्लाळ देवल यांच्याकडून अभिनयाची तालीम मिळाली.

सभ्य घरातल्या बाईने रंगमंचावर येणे तेव्हा अशक्य मानले जाई. त्यामुळे स्त्रीभूमिका पुरुषच करत. बालगंधर्वांच्या आधीही चांगले स्त्रीपार्टी नट होऊन गेले होते. बालगंधर्वांचे वेगळेपण असे की, त्यांची स्त्री प्रेक्षागृहातल्या बायकांना स्वतःपेक्षा चांगली नेसलेली वाटू लागली. राजा रविवर्मा यांच्या चित्रांच्या छापील प्रती तोपर्यंत घरोघरी भिंतीवर लागल्या होत्या. देवींनी आणि पौराणिक नायिकांनी साडी कशी नेसावी, हे त्या चित्रांनी ठरवून टाकले होते. पण चित्र हलत नाही. बसताना निऱ्या कशा पडतात, वळताना पदर कसा सावरायचा, हे चित्रात दिसत नाही. ते रंगमंचावर दिसले.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द झाला नाही. ते भामिनी म्हणून उभे राहिले. ही हकीकत नेहमी त्यांच्या कलानिष्ठेचा दाखला म्हणून सांगितली जाते. त्यात दुसरीही एक बाजू आहे. शेकडो तिकिटे विकली गेली आहेत, मंडळीतल्या अनेकांचे पोट त्या खेळावर आहे, अशा वेळी मुख्य नटाला घरी बसण्याची मुभा कितपत उरते?

कपडेपट म्हणजे काय, आणि त्यात पैसा किती जायचा?

नाटक कंपनीच्या सगळ्या वेशभूषेच्या साठ्याला कपडेपट म्हणत. सामान्य कंपन्या खोट्या जरीचे, चमकीचे कपडे वापरत किंवा ड्रेपरीवाल्याकडून भाड्याने आणत. तो व्यवसाय आजही चालतो. शाळेच्या स्नेहसंमेलनाला शिवाजी महाराजांचा पोशाख जिथून येतो, तोच ड्रेपरीवाला. भाड्याच्या कपड्यात सोय अशी की, एकच पोशाख दहा जणांकडे फिरतो आणि त्याची किंमत वसूल होते.

५ जुलै १९१३ रोजी बालगंधर्वांनी गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्यासह गंधर्व नाटक मंडळी स्थापन केली आणि हा हिशेबच बाजूला ठेवला. खऱ्या जरीचे शालू, पैठण्या, खरे दागिने, उंची अत्तरे, मखमली पडदे, गालिचे. ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी (१९१६) आणि पुढे ‘द्रौपदी’ (१९२०) पाहायला लोक येत तेव्हा गाण्याइतकाच हा थाट पाहायला येत. गॅसबत्तीच्या उजेडात शेवटच्या रांगेतल्या माणसाला खरी जर आणि खोटी जर यांतला फरक दिसत असेल, असे वाटत नाही. व्यवहाराच्या दृष्टीने तो खर्च चुकीचाच होता. पण नेसणाऱ्याला फरक कळत होता. भारी रेशीम वेगळे पडते, वेगळे चालायला लावते. आज कोणताही वेशभूषाकार हेच सांगेल.

रेशमी साडी दर खेळाला धुता येत नाही. घाम, रंगभूषा आणि दिव्यांची धग यांनी ती लवकर जाते. कंपनी रेल्वेने गावोगाव फिरे आणि ट्रंका भरून हा माल सोबत जाई. म्हणजे सतत झिजणारे भांडवल डोक्यावर घेऊन धंदा करायचा. टेंबे आणि नंतर बोडस कंपनीतून बाहेर पडले. १९२०च्या दशकात कंपनीवरचे कर्ज लाखाच्या पुढे गेले. एका रुपयाला खूप किंमत असलेल्या काळातला हा लाख होता. बालगंधर्वांनी वर्षानुवर्षे खेळ करून ते फेडले, पण थाट कमी केला नाही.

बायकांनी नेमके काय उचलले?

नऊवारीची चापूनचोपून नेसण, पदर घेण्याची तऱ्हा, पोलक्याची बेतशीर बाही, अंबाड्यावरचा गजरा, नथ, हातातला रुमाल. पुण्या-मुंबईच्या मध्यमवर्गीय घरांतून हे सगळे उचलले गेले. साबण, दंतमंजन अशा वस्तूंच्या विक्रीसाठी त्यांच्या नावाचा आणि चित्राचा वापर झाला. आजच्या भाषेत याला ब्रँड एंडोर्समेंट म्हणता येईल, फक्त त्यातला पैसा त्यांच्यापर्यंत पोहोचण्याची आजच्यासारखी व्यवस्था नव्हती. ते बाईच्या वेशात हळदीकुंकवाला गेले आणि कोणी ओळखले नाही, अशी आख्यायिका सांगतात. ती इतर नटांच्या नावावरही सांगितली जाते, तेव्हा तिच्यावर फार भार टाकू नये.

अनुकरण करणाऱ्या बाईला नवी पैठणी परवडत होती असे नाही. ती जुनीच साडी वेगळ्या तऱ्हेने नेसायची, काठ काढून दुसऱ्या लुगड्याला लावायची, फाटलेल्याची गोधडी शिवायची. उरलेले बोहारणीला देऊन भांडे घ्यायची. वापरलेल्या कपड्याचा बाजार आज ‘थ्रिफ्ट’ या नावाने इन्स्टाग्रामवर आला असला, तरी डोक्यावर पाटी घेऊन दारोदार फिरणारी बोहारीण हा धंदा पिढ्यान्‌पिढ्या करत आली आहे.

जुने लुगडे रंगमंचावर आले तेव्हा काय झाले?

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी वारले. त्यांचे ‘एकच प्याला’ त्यानंतर महिनाभरात बडोद्यात गंधर्व नाटक मंडळीने रंगमंचावर आणले. दारूपायी घर बुडालेल्या सुधाकरची बायको सिंधू, ही बालगंधर्वांची भूमिका. ज्यांचे शालू पाहायला लोक येत, ते ठिगळ लावलेल्या लुगड्यात जात्यावर दळायला बसले. त्या वेशातले त्यांचे छायाचित्र आजही पाहायला मिळते.

वेशभूषेच्या दृष्टीने हे शालूपेक्षा अवघड काम आहे. श्रीमंती विकत आणता येते, झिजलेपण विकत मिळत नाही. नव्या कापडाला ठिगळ लावले की ते ठिगळ लावलेले नवे कापडच दिसते. म्हणूनच आज नाटक-सिनेमाचे वेशभूषाकार जुन्या बाजारात हिंडतात, वापरलेले कपडे ढिगाने घेतात किंवा नवे कापड पुन्हा पुन्हा धुऊन, उन्हात टाकून, चहाच्या पाण्यात बुडवून, ब्रशने घासून जुने करतात. कोल्हापूरच्या भानू अथय्या यांना १९८३ मध्ये ‘गांधी’साठी जॉन मोलो यांच्यासह ऑस्कर मिळाले, ते झगमगाटासाठी नव्हते. सुटाबुटातल्या बॅरिस्टरपासून पंचापर्यंतचा प्रवास त्यात कपड्यांतून दिसतो.

कपड्याचे राजकारण बालगंधर्वांच्या काळातच सुरू झाले होते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाला. त्यात बालगंधर्व आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले एकत्र उभे राहिले. त्यानंतर तीन आठवड्यांनी परळमध्ये गांधीजींच्या उपस्थितीत परदेशी कापडाची होळी झाली. कोणते कापड अंगावर घालायचे, हा प्रश्न आता केवळ हौसेचा राहिला नव्हता.

ही सद्दी कशी संपली?

१९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला आणि पडद्यावर दुर्गा खोटे दिसल्या. १९३३ मध्ये ‘आंधळ्यांची शाळा’मध्ये स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या. स्त्रीने काय नेसावे हे दाखवायला पुरुषाची गरज उरली नाही. बालगंधर्वांनी प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्ये (१९३५) संत एकनाथांची पुरुष भूमिका केली, पण सिनेमात ते रमले नाहीत. पुन्हा नाटकाकडे आले आणि पन्नाशी उलटल्यावरही स्त्रीवेश करत राहिले. कंपनीचा पहिला थाट परत आला नाही. गोहर कर्नाटकी या गायिका त्यांच्या मंडळीत आल्या. १९४० मध्ये पत्नी लक्ष्मीबाई वारल्या. पुढे १९५१ मध्ये त्यांनी गोहरबाईंशी विवाह केला. त्यामुळे अनेक जुने चाहते दुरावले. पायांनी साथ सोडली, पैशाची ओढाताण राहिली. १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

कपड्यांचे शिक्षण घेऊ पाहणाऱ्यांसाठी यात काय आहे?

बालगंधर्वांच्या वेळी या कामाला नाव नव्हते, शाळा नव्हती. आज राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे निफ्ट, १९८६ पासून आहे आणि मुंबईतही तिचे केंद्र आहे. तिच्या डिझाइन शाखेच्या प्रवेशात चित्रकलेबरोबरच हाती दिलेल्या साहित्यातून वस्तू घडवून दाखवण्याची परीक्षा असते. जुन्या साडीचे काठ काढून ब्लाउज शिवणाऱ्या धुळ्याच्या मुलीने ती परीक्षा घरी कितीदा तरी दिलेली असते.

२०११ मध्ये रवी जाधव दिग्दर्शित आणि सुबोध भावे यांची मुख्य भूमिका असलेला ‘बालगंधर्व’ चित्रपट आला. त्याच्या वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. असा कपडेपट पुन्हा उभा करताना एक अडचण कायम राहते. बालगंधर्वांची त्या काळातली छायाचित्रे कृष्णधवल आहेत. काठाची रुंदी, निऱ्यांची घडी, पदराची लांबी त्यांतून मोजता येते, रंग कळत नाही. त्यासाठी त्या काळातल्या खऱ्या पैठण्या आणि शालू पाहावे लागतात. त्यांतल्या कितीतरी जीर्ण झाल्यावर जरीच्या चांदीसाठी वजनावर विकल्या गेल्या आणि जाळल्या गेल्या. खान्देशातल्या एखाद्या घरात पेटीच्या तळाशी पणजीची पैठणी असेल, तर बोहारणीला देण्याआधी ती एकदा उजेडात उलगडून तिच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवायला हरकत नाही.