यंत्र घडविणारे यंत्र

सचिनच्या औद्योगिक वसाहतीतील यंत्रे पाहून मला प्रश्न पडे, यंत्र घडविणारे यंत्र कोठून आले? उत्तर लक्ष्मणराव किर्लोस्करांच्या चरित्रात मिळाले.

बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे १८६९ साली ते जन्मले. बेळगावात सायकलींचे दुकान चालवून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे व लोखंडी नांगराकडे वळले. लोखंडाने जमीन नासते, या समजुतीने नांगर प्रथम खपेना. १९१० साली औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा शाहू महाराजांनी दिलेल्या जुन्या तोफा वितळवून नांगर ओतले. १९४१ साली हरिहरला किर्लोस्करांचा लेथचा कारखाना निघाला. लेथवर दुसऱ्या लेथचे भाग घडतात. संगणकातही नवा कंपायलर जुन्याच्याच आधाराने उभा राहतो.

१९५६ साली लक्ष्मणराव निवर्तले. पहिले हत्यार उसने चालेल, दुसरे आपण घडवावे, हा त्यांचा धडा. ताळेबंदात ही पुंजी कोठे मांडावी, हे आम्हा वाणिज्यवाल्यांना कोण शिकवील?