शरणपूरचा याकोब वेनराइट

लासलगांवाकडील मंडळ्यांतून जे बंधुजन आगगाडीनें नाशिकास जातात, त्यांच्या कानीं शरणपूर रोड हें नांव पडलेंच असेल. जुन्या नाशिक शहराच्या पश्चिमेस शरणपूर हें एके काळीं निराळें ख्रिस्ती गांव होतें. चर्च मिशनरी सोसायटीचे पाद्री प्राइस साहेब यांनीं तें इ. स. १८५० नंतरच्या दशकांत वसविलें. शरणपूर म्हणजे आश्रयाचें गांव. यहोशवाच्या पुस्तकांतील आश्रयाच्या सहा नगरांची येथें कोणासही आठवण होईल.

या गांवीं केवळ आपल्याच देशचे लोक राहत होते असें नाहीं. अरबांच्या गलबतांवरून इंग्रजी आरमारानें सोडविलेलीं आफ्रिकेचीं गुलाम मुलें १८६० च्या सुमारास येथें आणण्यांत आलीं. त्यांस लिहिणें-वाचणें, सुतारकाम व लोहारकाम शिकवीत. त्यांपैकींच याओ जातीचा याकोब वेनराइट हा एक होता.

१८७२ सालीं याकोब इतर नाशिककर तरुणांबरोबर आफ्रिकेंत डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीस गेला. स्कॉटलंडांत जन्मलेले हे थोर मिशनरी व प्रवासी १८७३ च्या मे महिन्यांत चितांबोच्या गांवीं वारले. सोबत्यांनीं त्यांचें हृदय एका झाडाखालीं पुरलें. त्या वेळीं प्रेतसंस्काराची उपासना याकोबानें वाचली आणि झाडाच्या खोडावर लेख कोरला. मग सुसी व चुमा यांच्या पुढारपणाखालीं त्यांनीं तो वाळविलेला देह हजार मैलांहून अधिक वाट चालून समुद्रकांठीं आणला. कित्येक सोबती वाटेंत मेले. वाटेंत भेटलेल्या कॅमेरून नांवाच्या इंग्रज अधिकाऱ्यानें देह तेथेंच पुरण्याचा सल्ला दिला; पण त्यांनीं तो मानिला नाहीं. १८ एप्रिल १८७४ रोजीं लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबींत लिव्हिंग्स्टन यांस मूठमाती देण्यांत आली, तेव्हां शवपेटीजवळ मोठमोठ्या गृहस्थांच्या बरोबरीनें याकोब उभा होता.

पुढें प्राइस साहेबांनीं मोंबासाजवळ मुक्त गुलामांसाठीं दुसरें गांव वसविलें. मुंबईचे माजी गव्हर्नर फ्रिअर साहेब यांच्यावरून त्यास फ्रिअरटाउन म्हणतात. नाशिकचे बहुतेक आफ्रिकी लोक तेथें गेले. याकोब १८९२ सालीं आफ्रिकेंतच मरण पावला. त्याची रोजनिशी मात्र राहिली आहे.

ज्या शिक्षकानें शरणपुरीं याकोबास अक्षरें गिरवावयास लाविलें, त्यास तें वाचन पुढें कोठें उपयोगीं पडेल याची कल्पना नव्हती. खेड्यांतील उपदेशक बंधूंनो, तुमच्या शाळेंतील अनाथ मुलाकडे पाहतांना हें ध्यानांत असूं द्या.