विजेची चाहूल घेणारा पोपोव्ह

वळवाच्या दिवसांत मिडियम वेव्हवर रेडिओ लावला, की गाण्याच्या मध्येच खर्रर्र असा आवाज येतो आणि घरातली वडील माणसे तो बंद करायला सांगतात. आभाळ अजून डोक्यावर आलेले नसते, गडगडाटही ऐकू येत नाही. पण दूर कोठेतरी चमकलेल्या विजेची लहर रेडिओपर्यंत पोचलेली असते. ही लहर पकडून वादळाची आगाऊ वर्दी देणारे उपकरण रशियातील एका शिक्षकाने 1895 साली बनविले. त्याचे नाव अलेक्झांडर स्तेपानोविच पोपोव्ह.

पोपोव्हचा जन्म 1859 चा, उरल पर्वतातील खाणींच्या एका गावातला. वडील धर्मगुरू. रीतीप्रमाणे मुलगाही धर्मशिक्षणाच्या विद्यालयात गेला. पण त्याचे मन रमले गणितात आणि यंत्रांत. सेंट पीटर्सबर्ग विद्यापीठातून 1882 साली तो पदवीधर झाला आणि पुढच्याच वर्षी क्रोनश्टाट येथील आरमाराच्या शाळेत शिकवू लागला. पुढची अठरा वर्षे त्याने तेथेच काढली.

पॅरिसच्या ब्रान्लीने 1890 साली असे दाखविले होते, की नळीत भरलेल्या धातूच्या किसाजवळ विजेची ठिणगी उडाली, की एरव्ही प्रवाह अडविणारा तो कीस प्रवाह जाऊ देतो. इंग्लंडमधील लॉज याने 1894 साली हीच नळी विद्युतलहरी ओळखण्यासाठी वापरली. अडचण एकच होती. एकदा लहर आली, की कीस तसाच चिकटून राही. नळीला टिचकी मारून तो मोकळा केल्याशिवाय पुढची लहर कळत नसे. लॉजने टिचक्या मारायला घड्याळासारखे यंत्र लावले होते, पण ते आपल्याच चालीने चाले. पोपोव्हने लहरीलाच कामाला लावले. लहर आली, की प्रवाह सुरू होऊन विजेची घंटा वाजे, आणि घंटेचा तोच टोला परतताना नळीवर बसे. कीस मोकळा, उपकरण पुढच्या विजेसाठी तयार! इतकी साधी युक्ती, पण तीमुळे एकामागून एक चमकणाऱ्या विजा मोजता येऊ लागल्या.

7 मे 1895 रोजी त्याने हे उपकरण रशियन भौतिक व रसायन मंडळापुढे दाखविले. त्याच उन्हाळ्यात ते सेंट पीटर्सबर्गच्या वनविद्या संस्थेतील वेधशाळेत बसविण्यात आले. वर उंच तार, खाली फिरत्या नळकांड्यावर कागद. प्रत्येक विजेची खूण त्यावर आपोआप उमटे. तीसेक किलोमीटरवरील वादळ त्याला कळे. वीज नेमकी कोठे, हे मात्र एकट्या उपकरणाला सांगता येत नसे. आज तेच काम दूरदूरच्या अनेक केंद्रांवर लहर पोचण्याच्या वेळांतील सूक्ष्म फरकावरून होते. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेने आपल्या देशात असेच जाळे उभारले आहे.

रेडिओचा जनक पोपोव्ह की मार्कोनी, हा वाद पुष्कळ रंगला. मार्कोनीने 1896 साली पेटंटसाठी अर्ज केला. पोपोव्हने तसे काही केले नाही. माझ्या मते या भांडणात त्याचे वादळाचे उपकरण उगाच मागे पडले. बिनतारी संदेशातही तो मागे नव्हता. 1899 च्या नोव्हेंबरात एक रशियन युद्धनौका फिनलंडच्या आखातात हॉगलंड बेटाजवळ खडकावर अडकली, तेव्हा चाळीसहून अधिक किलोमीटर अंतरावर त्याने संदेश पोचविले. बर्फाच्या तुकड्यावर समुद्रात वाहून गेलेल्या कोळ्यांची बातमी याच मार्गाने गेली, बर्फफोडी जहाज निघाले आणि ते कोळी वाचले.

1901 साली तो सेंट पीटर्सबर्गच्या विद्युत अभियांत्रिकी संस्थेत प्राध्यापक झाला, आणि 1905 साली तिचा संचालक. ते क्रांतीचे वर्ष होते. विद्यार्थी पेटून उठले होते. त्यांच्यावर कडक कारवाई करावी असा सरकारचा दबाव आला. पोपोव्हने ती करण्यास नकार दिला. त्या ताणाच्या दिवसांतच मेंदूत रक्तस्राव होऊन 13 जानेवारी 1906 रोजी तो वारला. रशियाच्या तेव्हाच्या पंचांगाप्रमाणे तो 1905 चा शेवटचा दिवस होता. त्याचे वय अवघे 46 होते.