डॉटेड लाइनमागचा माणूस : गास्पार मोंज

ईडीचं नाव काढलं की फर्स्ट इयरच्या पोरांच्या अंगावर आजही काटा येतो. एन. डी. भट्टचं पुस्तक, ड्राफ्टर, एचपी-व्हीपी, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली दिवा लावून मारलेली जीटी! या सगळ्या छळाच्या मुळाशी एक फ्रेंच माणूस आहे. त्याचं नाव गास्पार मोंज. त्याची गोष्ट कळली तर कदाचित आपण त्याला माफ करू.

मोंजचा जन्म 9 मे 1746 रोजी फ्रान्समधल्या बोन या गावी झाला. वडील साधे छोटे व्यापारी. पोरगा मात्र अफाट हुशार. 1764 मध्ये त्याने स्वतःच बनवलेली उपकरणं वापरून आपल्या गावाचा मोठा नकाशा काढला. तो एका लष्करी अधिकाऱ्याच्या नजरेस पडला आणि मोंज मेझिएरच्या मिलिटरी इंजिनिअरिंग स्कूलमध्ये पोहोचला. पण इथे गोम होती. अधिकारी होण्याचा अभ्यासक्रम खानदानी घरातल्या मुलांसाठी राखीव होता. मोंजला जागा मिळाली ती ड्रॉइंग काढायला आणि किल्ल्यांची प्लास्टरची मॉडेल्स बनवायला. थोडक्यात, बुद्धी कितीही असो, जन्म बघून त्याला मागच्या दाराने आत घेतलं गेलं.

एके दिवशी त्याच्याकडे एक काम आलं. किल्ल्याची आखणी अशी करायची, की आसपासच्या कुठल्याही उंचवट्यावरून शत्रूची तोफ आतल्या माणसांना टिपू शकणार नाही. म्हणजे काय, तर शत्रूच्या डोळ्याला काय दिसेल आणि काय लपेल हे शोधायचं! तेव्हा यासाठी पानंच्या पानं आकडेमोड करावी लागायची. मोंजने ती बाजूला ठेवली आणि ड्रॉइंगवरच भूमितीने उत्तर काढलं, तेही झटपट. एवढ्या लवकर उत्तर येणं शक्यच नाही म्हणून वरिष्ठ ते तपासायलाच तयार नव्हते असं सांगतात. शेवटी तपासलं, आणि ते बरोबर निघालं.

या कामातून जी पद्धत वाढली ती म्हणजे डिस्क्रिप्टिव्ह जॉमेट्री. एक आडवं प्रतल, एक उभं प्रतल. वस्तूच्या प्रत्येक बिंदूवरून दोन्हींवर लंब टाकायचे, मग एक्स-वाय लाइनवर बिजागरी आहे असं समजून एक प्रतल फिरवायचं आणि दोन्ही व्ह्यू एकाच कागदावर आणायचे. त्रिमितीतली वस्तू सपाट कागदावर, आणि माप कुठेही हरवत नाही.

हिडन लाइन ठरते तीही याच दोन व्ह्यूंमधून. समजा टॉप व्ह्यूत दोन कडा एकमेकींना छेदताना दिसतात. मग त्याच बिंदूवरून फ्रंट व्ह्यूत जायचं आणि तिथे कुठली कडा वर आहे ते बघायचं. वरची सरळ काढायची, खालची डॉटेड. घोकंपट्टीचा प्रश्नच नाही. एका व्ह्यूत काय लपलंय ते दुसरा व्ह्यू सांगतो.

गंमत म्हणजे, लपलेलं दाखवणारी ही पद्धतच अनेक वर्षं लपवून ठेवली गेली. ती लष्करी गुपित होती, मेझिएरबाहेर शिकवायला बंदी. पुढे फ्रेंच राज्यक्रांती झाली, मोंज 1792-93 मध्ये नौदलाचा मंत्रीही होता. 1794 मध्ये इकोल पॉलिटेक्निक सुरू करण्यात त्याचा मोठा वाटा होता. तिथे प्रवेश परीक्षेवर मिळायचा, घराण्यावर नाही! 1795 मध्ये पॅरिसच्या इकोल नॉर्मालमध्ये त्याने ही पद्धत जाहीरपणे शिकवली, आणि 1799 मध्ये तिचं पुस्तक निघालं. मागच्या दाराने आलेल्या माणसाने पुढचं दार सगळ्यांसाठी उघडलं.

आता थेट आजच्या कॅड लॅबमध्ये येऊ. 1963 मध्ये एमआयटीत लॉरेन्स रॉबर्ट्सने घनवस्तूच्या लपलेल्या रेषा कॉम्प्युटरकडून शोधून घेण्याची रीत मांडली. तेव्हापासून कुठली कडा लपते हे शोधण्याचं काम मशीनकडे गेलं. पण मशीन सगळ्याच लपलेल्या कडा शोधून देतं. गिअरबॉक्सच्या असेंब्लीत हिडन लाइन्स सरसकट ऑन करून बघा, नुसतं जंगल दिसेल. बोल्टची कडा कुठली आणि शाफ्टची कुठली, वर्कशॉपमधल्या माणसाला काही कळणार नाही.

म्हणून सॉफ्टवेअरमध्ये लगाम दिलेले असतात. ऑटोकॅडमध्ये सोलप्रोफ कमांड दिली की हिडन लाइन्स वेगळ्या लेयरवर ठेवता येतात. तो लेयर हवा तेव्हा बंद करा. सॉलिडवर्क्समध्ये पूर्ण व्ह्यूच्या हिडन लाइन्स काढता येतात, किंवा व्ह्यूच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ठरावीक पार्टच्याच हिडन कडा दाखवता येतात. साधा नियम असा: जी डॉटेड लाइन वाचणाऱ्याला नवीन काही सांगते, उदा. आरपार न गेलेल्या भोकाची खोली, ती ठेवा. जी दुसऱ्या व्ह्यूत आधीच स्पष्ट आहे ती काढा. आतला मामला फारच गुंतागुंतीचा असेल तर सेक्शन घ्या. आणि हिडन लाइनवरून डायमेन्शन देणं शक्यतो टाळा.

मोंजचा शेवट मात्र चटका लावणारा आहे. तो नेपोलियनबरोबर 1798 मध्ये इजिप्तला गेला होता आणि पुढे त्याचा निष्ठावंत राहिला. राजेशाही परतल्यावर 1816 मध्ये त्याला विज्ञान अकादमीतून काढून टाकलं. 28 जुलै 1818 रोजी तो गेला, तेव्हा पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांना अंत्ययात्रेला जायची परवानगी मिळाली नाही. पोरांनी काय करावं? पुढच्या सुट्टीच्या दिवशी सगळे मिळून कबरीवर गेले आणि फुलं वाहून आले. सरकारला जो माणूस पुसून टाकायचा होता, त्याला विद्यार्थ्यांनी पुसू दिलं नाही. 1989 मध्ये फ्रान्सने त्याच्या अस्थी सन्मानाने पँथिऑनमध्ये नेल्या.

तेव्हा मित्रांनो, पुढच्या वेळी व्ह्यू टाकताना हिडन लाइन्सचं बटण डोळे झाकून दाबू नका. काय लपलंय हे कॉम्प्युटर सांगेल. त्यातलं काय दाखवायचं हे इंजिनिअरनेच ठरवायचं असतं.