पाहायला शिकवणारे गुरू : जोसेफ अल्बर्स

जोसेफ अल्बर्स (१८८८–१९७६) हे मूळचे जर्मनीतील शाळाशिक्षक. वयाच्या ३२ व्या वर्षी ते बाउहाउस या कलाशाळेत विद्यार्थी झाले आणि पुढे तेथेच शिकवू लागले. १९३३ मध्ये नाझी दडपणामुळे ती शाळा बंद पडली. ज्यू कुळातील पत्नी ॲनी यांच्यासह त्यांनी अमेरिकेतील ब्लॅक माउंटन कॉलेज गाठले. इंग्रजी जेमतेम, तरीही कागद आणि रंग हाताळायला लावून त्यांनी विद्यार्थ्यांना पाहायला शिकवले. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय चित्रकार जेकब लॉरेन्स यांना तेथे अध्यापनासाठी बोलावले. वर्णभेदी दक्षिणेतील प्रवासात अपमान वाट्याला येऊ नये म्हणून रेल्वेत स्वतंत्र डब्याची व्यवस्था केली. स्वतः परागंदा झालेल्या या गुरूंनी दुसऱ्याचा स्वाभिमान राखला. शिक्षक झालेल्या आपल्या माजी विद्यार्थ्यांनीही हाच धडा गिरवावा.