डॉ. आनंदीबाई जोशी : वेणा आणि विद्या

हुगळीच्या काठी वस्ती करून राहिलेल्या आम्हा मराठी कुटुंबांना ही नदी परकी वाटू नये, असे एक कारण मराठी इतिहासातच आहे. ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून एक आगबोट अमेरिकेच्या वाटेने निघाली. कलकत्त्याहून समुद्राकडे जाणाऱ्या बोटीला बजबजचा किनारा मागे टाकावाच लागतो. तेव्हा वैद्यक शिकण्यासाठी निघालेल्या अठरा वर्षांच्या आनंदीबाई जोशी आमच्या या घाटासमोरूनच गेल्या. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत त्यांचे चरित्र सांगताना आम्ही त्याची एकच बाजू विशेषेकरून पाहणार आहोत. ती बाजू बाळंतपणाच्या वेदनेची आहे आणि ती आजही आमच्या घराघरांत वादाचा विषय आहे.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचा विवाह पोस्टखात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी झाला. गोपाळराव बिजवर होते आणि वयाने बरेच मोठे होते. पत्नीने शिकावे हा त्यांचा आग्रह त्या काळात विलक्षणच म्हणावा लागेल. तो आग्रह पुष्कळदा क्रौर्याच्या टोकाला जाई, हेही चरित्रकाराने झाकून ठेवू नये.

वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाई बाळंत झाल्या. मुलगा झाला आणि दहा दिवसांत गेला. त्या काळचे बाळंतपण म्हणजे घरातील अंधारी खोली, बाजेखालची शेगडी, ओवा-वेखंडाची धुरी आणि अनुभवाच्या बळावर काम करणारी सुईण. त्या सुईणीच्या हातात कौशल्य असे, मायाही असे. परंतु आडलेल्या बाळंतिणीला किंवा खंगत चाललेल्या अर्भकाला वाचविण्याची साधने तिच्यापाशी नसत. वेदना हा तर विचार करण्याजोगा विषयच नव्हता. वेणा सोसणे हा बाईचा भोग मानला जाई आणि ओरडणे हा कमीपणा.

याच सुमारास जगात काय चालले होते, हे पाहण्याजोगे आहे. एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये प्रसूतीच्या वेळी क्लोरोफॉर्म देण्यास आरंभ केला. पुढल्याच वर्षी ते औषध कलकत्त्याच्या शस्त्रक्रियागृहातही पोहोचले. वेदना ही ईश्वराची आज्ञा असून ती टाळणे पाप होय, असे काही धर्मोपदेशक म्हणू लागले. काही डॉक्टरांनाही हा प्रकार धोक्याचा वाटला. पण ७ एप्रिल १८५३ रोजी राणी व्हिक्टोरियाने आठव्या अपत्याच्या वेळी डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला आणि विरोधाची धार बोथट झाली. आनंदीबाईंची बोट सुटली ती त्यानंतर बरोबर तीस वर्षांनी, त्याच तारखेला. हा योगायोगच, तथापि तो बोलका आहे. सम्राज्ञीला जे मागता आले, ते तिच्या राज्यातील चौदा वर्षांच्या मराठी मुलीला ठाऊकही नव्हते.

मुलाच्या मृत्यूने आनंदीबाईंच्या मनात वैद्यकाची ओढ निर्माण केली, असे त्यांचे चरित्रकार मानतात. गोपाळरावांनी अमेरिकन मिशनऱ्यांशी केलेला पत्रव्यवहार तिकडील एका नियतकालिकात छापला गेला. तो वाचून न्यू जर्सीतील रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांनी स्नेहाचा हात पुढे केला. दरम्यान गोपाळरावांची बदली कलकत्त्यास व तेथून बजबजच्या वरच्या अंगाला, नदीच्या पश्चिम तीरावरील सेरामपूरला झाली. तेथील कॉलेजात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी जाहीर भाषण केले. सुईणपणाचे वर्ग या देशात आहेत, पण तेथील शिक्षण अपुरे आहे. आणि पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे मांडण्यास स्त्रिया संकोचतात, म्हणून स्त्री डॉक्टर हव्यात, असा त्या भाषणाचा गाभा होता. धर्म न सोडता जाईन आणि तशीच परत येईन, हेही त्यांनी बजावले.

४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला उतरल्या आणि त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. थंडी, अपुरा आहार व क्षय यांनी शरीर पोखरले, पण अभ्यास सुटला नाही. ११ मार्च १८८६ रोजी त्यांना एम.डी. ही पदवी मिळाली. त्या समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. या निवडीचा अर्थ आम्हाला मोठा वाटतो. क्लोरोफॉर्म व ईथर सर्रास वापरणाऱ्या देशात शिकत असताना त्यांनी आपल्या पूर्वजांच्या ग्रंथांकडे पाठ फिरविली नाही आणि त्या ग्रंथांच्या अभिमानापायी नव्या विद्येकडेही फिरविली नाही.

कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूक झाली होती. ते काम त्यांच्या हातून व्हायचे नव्हते. १८८६ च्या अखेरीस त्या परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, पुण्यात निवर्तल्या. त्यांच्या अस्थी श्रीमती कार्पेंटर यांच्याकडे पाठविण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पोकिप्सीच्या दफनभूमीत विसावल्या.

आता आमच्या घरांकडे वळू. पहिले बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. दूर राहणाऱ्यांना ती नेहमी साधत नाही. मग आझाद हिंद किंवा गीतांजली एक्सप्रेसने डिंकाचे लाडू व बाळंतशेपा घेऊन आईच येते. त्या सामानाबरोबर, कळा सोसल्याशिवाय आईपण कळत नाही, हे मतही येते. उलट बाजूने, भूल न घेणारी मुलगी मागासलेली, असे समजणारेही आमच्यात आहेत. दोन्ही मते त्या मुलीला न विचारताच बनलेली असतात.

वस्तुस्थिती अशी आहे. पाठीच्या कण्यापाशी बारीक नळी घालून दिले जाणारे एपिड्युरल हे औषध कळा पुष्कळ सौम्य करते. बाळंतीण शुद्धीवर राहते. त्याने रक्तदाब उतरू शकतो, पाय जड होतात, बाळ खाली येण्याचा शेवटचा टप्पा लांबू शकतो आणि क्वचित नंतर डोके दुखते. मात्र त्यामुळे पोट फाडून करावयाच्या प्रसूती वाढत नाहीत, असे अभ्यासांत आढळले आहे. ते देण्यासाठी भूलतज्ज्ञ हजर असावा लागतो. म्हणून रुग्णालयात ही सोय रात्रीही आहे काय, हे आधीच विचारून ठेवावे. औषध नको असेल तर चालणे, श्वासाचा अभ्यास, कमरेला शेक व मालिश आणि विश्वासाचे माणूस जवळ असणे यांचा आधार असतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये हे दोन्ही मार्ग मान्य केले आणि निवड प्रसूत होणाऱ्या स्त्रीच्या इच्छेवर सोपविली. मार्ग ठरविल्यावर ऐन वेळी मन बदलले तरी त्यात कमीपणा नाही.

आनंदीबाईंनी या वादात कोणती बाजू घेतली असती, हे त्यांच्या नावावर खपविण्याचा अधिकार आम्हाला नाही. परंतु बाळंतिणीच्या खोलीत जाणती स्त्री असावी आणि तिच्यापुढे बाळंतिणीला निःसंकोच बोलता यावे, यासाठी त्यांनी आयुष्य वेचले, एवढे निर्विवाद होय. सोसावे की शमवावे हा प्रश्न आज आमच्या लेकीसुनांना पडू शकतो, यातच त्या आयुष्याचे फलित आहे. त्याचे उत्तर देताना वडीलधाऱ्यांनी आपले अनुभव जरूर सांगावेत. शेवटचा शब्द मात्र जिला कळा येतात तिचा असावा.